मसाल्याचा डबा आणि मांजराचं यकृत

उज्जैनच्या मराठी घरांत दोन स्वयंपाक एकाच ओट्यावर नांदतात. राणोजी शिंद्यांच्या काळापासून ते 1810 मध्ये दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरला हलवेपर्यंत हे शहर शिंदेशाहीचं मुख्य ठाणं होतं. महाकालेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी केला, गोपाळ मंदिर बायजाबाईंनी बांधलं. त्या मंडळींबरोबर आलेली आमटी आणि गोडा मसाला माळव्याच्या दाल-बाफल्याशी, पोह्यांवरच्या जिरावणाशी कधीच एकजीव झाले. अशा घरात मांजर असलं तर त्याचा खाऊ सहसा वेगळा शिजत नाही. तो आपल्याच पातेल्यातून निघतो: दुधात कुस्करलेली पोळी, भाजीतला पनीरचा तुकडा, रश्श्यातली चिकनची फोड, लसणाच्या शेवेचे चार दाणे. अलीकडे हौसेने, मुद्दाम मांजरासाठी म्हणून केलेली अंड्याची बिस्किटं आणि वाळवलेल्या चिकनच्या पट्ट्याही आल्या आहेत. या सगळ्यामागे समजूत एकच असते, की घरचं आहे, ताजं आहे, आपणही तेच खातो, म्हणजे काळजीचं कारण नाही. ही समजूत मुळातच चुकीच्या जागी उभी आहे. खाऊ घरचा की बाजारचा यावर मांजराचं बरंवाईट ठरत नाही, ते ठरतं त्याच्या यकृतावर आणि रक्तावर. त्यातही आपल्या स्वयंपाकातला जो भाग आपल्याला सर्वांत घरगुती वाटतो, ती कांदा-लसणाची फोडणी, नेमकी तीच मांजराला सर्वांत महागात पडते.

याचं मूळ मांजराच्या वंशावळीत आहे. माणूस, डुक्कर, उंदीर हे मिळेल ते खाणारे प्राणी. त्यांच्या शरीराला पानाफुलांतली, मुळांतली शेकडो रसायनं निकामी करण्याची सवय आहे. मांजराचे पूर्वज लाखो वर्षं जवळजवळ फक्त शिकारीवर जगले. जी यंत्रणा वापरातच नव्हती ती त्यांच्या वंशात हळूहळू मोडीत निघाली. यकृतात परक्या रसायनांना ग्लुक्युरॉनिक आम्ल जोडून ती लघवीवाटे बाहेर टाकण्याची एक मोठी व्यवस्था असते. तिच्यातलं एक महत्त्वाचं जनुक मांजरांमध्ये नादुरुस्त आहे, हे 2000 साली दाखवलं गेलं. पॅरासिटामॉलची 500 मिलिग्रॅमची एक साधी गोळी, जी आपण अंग दुखलं की सहज घेतो, मांजराचा जीव घेऊ शकते ती याचमुळे. गाजरातल्या बीटा कॅरोटीनपासून ‘अ’ जीवनसत्त्व तयार करणंही मांजराला जमत नाही. ते त्याला प्राण्याच्या शरीरातूनच, तयार स्वरूपात मिळावं लागतं. गोडाची चव ओळखणाऱ्या जोडीतलं एक जनुकही मोडलेलं आहे, हे फिलाडेल्फियाच्या मोनेल संस्थेतल्या संशोधकांनी 2005 मध्ये सिद्ध केलं. तेव्हा श्रीखंडाचं भांडं चाटणारं मांजर साखरेच्या मागे नसतं, चक्क्यातल्या स्निग्धांशाच्या मागे असतं. गूळ घालून केलेलं ‘माऊचं बिस्किट’ गोड लागतं ते करणाऱ्यालाच.

आता कांदा. कांदा, लसूण, पात, लीक ही सगळी एकाच कुळातली भावंडं, आणि त्यांचा झणका गंधकाच्या संयुगांचा. ही संयुगं पोटातून रक्तात गेली की लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनवर त्यांचा मारा होतो. हिमोग्लोबिनच्या रेणूवर गंधकाचे काही टोकदार गट असतात, जिथे हा मारा बसतो. माणसाच्या रेणूवर असे सहज सापडणारे गट 2, कुत्र्याच्या रेणूवर 4, मांजराच्या रेणूवर 8. म्हणजे मारा तोच, पण ढाल सर्वांत पातळ. इजा झालेलं हिमोग्लोबिन पेशीच्या कडेला गोळा होऊन चिकटतं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशीला फोड आल्यासारखं दिसतं, त्याला हाइंझ बॉडी म्हणतात. अशी पेशी ताठर होते आणि वेळेआधी फुटते. इतर अनेक प्राण्यांची प्लीहा या बिघडलेल्या पेशी तत्परतेने निवडून काढते; मांजराच्या प्लीहेची रचनाच अशी, की ते काम तिला नीट साधत नाही. त्यात मांजराची लाल पेशी जगते साधारण 70 दिवस, माणसाची 120. एवढ्या अडचणी एकाच प्राण्याच्या वाट्याला आल्यावर कांद्याने त्याला पंडुरोग व्हावा यात नवल काही नाही.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: थोड्याशाने काय होतं? मात्रेचा प्रश्न टाळून विषाबद्दल बोलणं म्हणजे भीती विकणं. म्हणून आकडाच घेऊ. मांजराच्या वजनाच्या दर किलोमागे 5 ग्रॅम कांद्याने रक्तात दिसण्याजोगे बदल होतात, असं पशुवैद्यकीय ग्रंथ सांगतात. मांजर 4 किलोचं धरलं तर 20 ग्रॅम, म्हणजे मध्यम कांद्याचा पाचवा हिस्सा. पोह्यातला एखादा परतलेला तुकडा चाटला म्हणून धावपळ करावी असा हा आकडा नाही. पण वाटीभर रश्श्यात पोळी कुस्करून दिली तर त्या रश्श्यात किती कांदा वाटला गेला हे कोण मोजतं? शिजवल्याने कांद्याचा उग्रपणा जातो, विषारीपणा जात नाही. वाळवल्याने तर तो एकवटतो. कांद्यात जवळपास 89 टक्के पाणी असतं. त्यामुळे 20 ग्रॅम कांद्याचा ऐवज सुमारे 2 ग्रॅम पावडरीत मावतो आणि ती चहाच्या एका चमच्यात बसते. झटपट नूडल्सची पुडी, सूपचं पाकीट, चिकन स्टॉकचा ठोकळा, तयार ग्रेव्ही यांत कांद्या-लसणाची पावडर असतेच, फक्त डोळ्यांना दिसत नाही. शिवाय मात्रा एकदाच मोजायची नसते. रोज थोडं हाही एक हिशेब असतो. लहान मुलांसाठीच्या डबाबंद मांसयुक्त बाळान्नात पूर्वी चवीसाठी कांद्याची पावडर घालत, आणि जेवण टाकलेल्या आजारी मांजरांना भरवायला तेच बाळान्न अमेरिकेत सर्रास वापरलं जाई. 1998 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात त्या पावडरीने मांजरांच्या रक्तात हाइंझ बॉडी वाढल्याचं दिसलं. ज्यांना बरं करायचं त्यांनाच, तेही जाणकारांच्या हातून, हे घडत होतं.

जाता जाता एक गंमत. चातुर्मासात कांदा-लसूण वर्ज्य करणारी घरं उज्जैनमध्ये अजून पुष्कळ आहेत. मांजराच्या बाजूने पाहिलं तर त्या स्वयंपाकघरातले ते सर्वांत सुखाचे चार महिने, आणि आदल्या कांदेनवमीचा दिवस सर्वांत धोक्याचा.

दुसरा आक्षेप अनुभवाचा आहे. गल्लीतली मांजरं काय वाट्टेल ते खातात, त्यांना कुठे काय होतं? हा युक्तिवाद दोन ठिकाणी लंगडा पडतो. भटकं मांजर उकिरड्यावरच्या खरकट्यातून मांसाचा तुकडा, हाडाचा चुरा निवडून काढतं आणि कांदा तसाच टाकतं, कारण वनस्पतीची त्याला ओढ नसते. घरच्या मांजराला मात्र आपण सगळं एकत्र कालवून देतो. त्याची निवड आपण हिरावून घेतलेली असते. आणि गल्लीतल्या मांजरांचं आयुष्य कोणी मोजलेलं नसतं. कांद्याने होणारा पंडुरोग खाल्ल्या खाल्ल्या दिसत नाही, त्याला काही दिवस लागतात. तोवर खाल्लेला घास विस्मरणात गेलेला असतो. मांजर मलूल होतं, कोपरा धरून बसतं, हिरड्या फिक्या पडतात, लघवी गडद होते, श्वास भरभर चालतो. ‘उन्हाळा बाधला’ म्हणून ते प्रकरण संपतं. जे मरण कांद्याच्या नावावर कधी चढतच नाही, ते घडत नाही असं म्हणता येणार नाही.

मात्र घातक पदार्थांच्या ज्या लांबलचक याद्या सगळीकडे फिरतात, त्या जशाच्या तशा मान्य करण्याचं कारण नाही. त्यांतल्या बऱ्याच मूळच्या कुत्र्यांच्या याद्या आहेत, नाव फक्त बदललेलं. झायलिटॉल या साखरेच्या पर्यायाने कुत्र्याच्या रक्तातली साखर धाडकन खाली येते. मांजरांवर 2018 मध्ये झालेल्या प्रयोगात मोठ्या मात्रेनेही तसं झालं नाही. द्राक्षं आणि मनुका कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करतात, आणि त्यामागे टार्टारिक आम्ल असावं हा विचार 2021 पासून पुढे आला आहे. तेच आम्ल आपल्या चिंचेतही भरपूर असतं, तेव्हा चिंच-गुळाच्या आमटीपासून घरातल्या कुत्र्याला नक्कीच दूर ठेवावं. मांजरांबाबतचा पुरावा याहून विरळ आहे, तरी पशुवैद्य त्यांनाही मनुका देऊ नका म्हणतात, आणि ज्या प्राण्याला गोड कळतच नाही त्याला मनुका देऊन साधायचं तरी काय? चॉकलेट, चहा-कॉफी दोघांनाही वाईट. हिंगाचा प्रश्न हटकून विचारला जातो. हिंग कांद्याच्या कुळातला नाही, तो फेरुला नावाच्या झाडाच्या मुळाचा चीक, आणि बाजारात तो पीठ-डिंक मिसळून येतो. वास मात्र त्याचाही गंधकाचाच आहे. मांजराच्या खाऊत तो नसला तर मांजराचं काही अडत नाही. सगळ्या नावांना सारखंच लाल अक्षरात लिहिलं की वाचणारा सगळ्यांकडेच दुर्लक्ष करतो, आणि मग खरा धोका, म्हणजे कांदा, त्या गर्दीत हरवतो.

सर्वांत अवघड आक्षेप शाकाहारी घराचा. महाकालाच्या नगरीत, जिथे कितीतरी घरांत अंडंही उंबऱ्याआत येत नाही, तिथे मांजर दूध-पोळीवर वाढतं आणि पिढ्यान्‌पिढ्या वाढत आलं आहे, असं सांगितलं जातं. पहिलं उत्तर असं, की ते मांजर फक्त दूध-पोळीवर कधीच वाढलेलं नसतं. उरलेला हिशेब ते माळ्यावरच्या उंदरांत आणि गच्चीवरच्या चिमण्यांत चुकवत आलं. आजच्या बंद फ्लॅटमधल्या, खिडकीला जाळी लावलेल्या मांजराला ती सोय नाही. त्यातही दूध हे मांजराचं अन्न ही समजूत अर्धीच खरी. पिल्लू मोठं झालं की लॅक्टोज पचवणारं विकर ओसरतं, आणि गाई-म्हशीच्या दुधात लॅक्टोज 5 टक्क्यांच्या आसपास असतं. काही मांजरांना ते सोसतं, अनेकांना जुलाब होतात. चमचाभर दही त्यापेक्षा बरं. दुसरा मुद्दा टॉरिनचा आहे. हे गंधकयुक्त आम्ल आपलं शरीर स्वतः बनवतं, मांजराचं पुरेसं बनवू शकत नाही, आणि वनस्पतींत ते जवळजवळ नसतंच. टॉरिनच्या तुटवड्याने मांजराच्या डोळ्याचा पडदा झिजतो हे 1975 मध्ये कळलं. 1987 मध्ये पॉल पायन आणि त्यांच्या कॅलिफोर्नियातल्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की त्याच तुटवड्याने हृदयाचे स्नायू पातळ आणि ढिले पडतात आणि टॉरिन दिलं की ते सुधारतात. म्हणून पनीरचा छोटा तुकडा किंवा उकडलेल्या भोपळ्याची फोड हा खाऊ म्हणून शाकाहारी घरात चालेल. त्याने विषबाधा होत नाही. पण खाऊ जेव्हा जेवणाची जागा घेतो, तेव्हा त्यात काय आहे यापेक्षा काय नाही हा प्रश्न मोठा होतो. माणसाने स्वतःच्या ताटात काय वाढून घ्यायचं ही त्याच्या श्रद्धेची बाब आहे. मांजराच्या ताटलीला तो नियम लावायचा असेल, तर मांजर पाळावं का, याचाच आधी विचार करावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

यावर उलट विचारलं जातं, की कारखान्याचा खाऊ तरी कुठे निर्दोष आहे? नाहीच. 1987 मध्ये ज्या मांजरांची हृदयं ढिली पडली होती ती बाजारातलंच अन्न खात होती. ओलसर खाद्य मऊ राहावं म्हणून घातलं जाणारं प्रोपिलीन ग्लायकॉल मांजराच्या रक्तात हाइंझ बॉडी वाढवतं, म्हणून अमेरिकेने 1996 मध्ये मांजरांच्या खाद्यात त्याला बंदी केली. 2007 मध्ये चीनहून आलेल्या गव्हाच्या ग्लुटेनमध्ये मेलामाइनची भेसळ निघाली आणि उत्तर अमेरिकेत असंख्य कुत्र्या-मांजरांची मूत्रपिंडं निकामी झाली. घरी शिजवून घालण्याची लाट तिकडे त्यानंतरच उसळली. पण या तिन्ही गोष्टी आपल्याला कळल्या कशा, हे पाहण्यासारखं आहे. हजारो मांजरं एकच पदार्थ खात होती, त्याची कृती कागदावर होती, म्हणून दोष हुडकता आला आणि कृती बदलता आली. घरच्या खाऊत एकच मांजर, अंदाजपंचे कृती, नोंद शून्य. चूक तिथेही होते, फक्त ती सापडत नाही. डेव्हिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये पुस्तकांत आणि इंटरनेटवर मिळणाऱ्या, मांजराच्या घरगुती जेवणाच्या 114 पाककृती तपासल्या. ज्यांचं पृथक्करण करण्याइतकी माहिती होती, त्यांतल्या एकीतही सर्व आवश्यक पोषकद्रव्यं पुरेशी नव्हती. काहींत तर लसूण आणि कांदा सरळ साहित्यातच लिहिलेले होते. हा निष्कर्ष जेवणाचा आहे, खाऊचा नाही. पण पाककृती लिहिणारे हात तेच असतात.

‘नैसर्गिक’ या शब्दाचा आधार घेऊन कच्चं मांस देणाऱ्यांचा एक वर्ग अलीकडे तयार झाला आहे. रानात मांजर शिजवून खातं का, हा त्यांचा सवाल. त्याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही. डिसेंबर 2024 मध्ये नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रातले तीन वाघ आणि एक बिबट्या दगावले. भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेने नमुने तपासले तेव्हा एच5एन1, म्हणजे बर्ड फ्लू निघाला. खाद्य म्हणून दिलेल्या कोंबडीतून तो आला असावा असा संशय होता. त्याच सुमारास, जानेवारी 2025 मध्ये, नागपूरच्या उत्तरेच्या छिंदवाड्यात पाळीव मांजरांमध्ये हाच विषाणू सापडला. भारतात घरातल्या मांजरांमध्ये त्याची अशी नोंद पहिल्यांदाच झाली. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात डिसेंबर 2024 मध्ये मेलेल्या एका मांजरातला विषाणू आणि त्याने खाल्लेल्या गोठवलेल्या कच्च्या टर्कीतला विषाणू जनुकीय तपासात जुळले. वाघाची शिकार रानात ताजी असते. बाजारातली कोंबडी पिंजऱ्यातून, ठेल्यावरून, एकाच सुरीखालून आलेली असते, आणि त्या वाटेत नैसर्गिक काहीच नाही. मांस पूर्ण शिजलं की विषाणू मरतो. सॅल्मोनेला मरतो. माशाबाबतही तेच. रोहू-कटल्याच्या कार्प कुळातल्या अनेक माशांच्या कच्च्या मांसात थायमिनेज हे विकर असतं, ते ब-1 जीवनसत्त्व नष्ट करतं; शिजवल्यावर ते निकामी होतं. मात्र शिजलेलं हाड देऊ नये, कारण ते कच्च्या हाडापेक्षा ठिसूळ असतं आणि त्याच्या अणकुचीदार कपच्या निघतात.

एवढं वगळल्यावर हाती जे उरतं ते फार साधं आहे. फोडणी पडण्याआधी, मीठही पडण्याआधी, चिकनची एक फोड बाजूला काढून नुसत्या पाण्यात शिजवायची. 4 किलोच्या, घरात बसून असणाऱ्या मांजराची दिवसाची गरज साधारण 200 ते 250 किलोकॅलरी असते, आणि खाऊ तिच्या दहा टक्क्यांपलीकडे जाऊ नये हा पशुवैद्यांचा दंडक. म्हणजे 20-25 किलोकॅलरी. उकडलेल्या चिकनमध्ये त्या सुमारे 15 ग्रॅमांत भरतात. हरभऱ्याएवढे तुकडे केले की दिवसभर पुरतात. पनीर असेल तर 8-9 ग्रॅमच, उकडलेलं अंडं असेल तर त्याचा तिसरा हिस्सा. कच्च्या अंड्याच्या पांढऱ्यात बायोटिनला बांधून ठेवणारं प्रथिन असतं, म्हणून ते उकडूनच द्यावं. कलेजी मांजराला जीव की प्राण, पण ती रोज नको. ‘अ’ जीवनसत्त्वाचा साठा अती झाला की मानेचे मणके जुळून येतात आणि मांजराला मान वळवता येत नाही. नुसत्या कलेजीवर पोसलेल्या मांजरांत हे 1960 च्या दशकात ऑस्ट्रेलियात दाखवलं गेलं. आठवड्यातून एखादा लहान तुकडा पुरे.

उज्जैनपुरती एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. महाकालाचा भांगेचा शृंगार प्रसिद्ध आहे, शहरात भांगेची परवानाधारक दुकानं आहेत आणि महाशिवरात्रीला ठंडाई घरोघरी होते. भांगेतलं मादक द्रव्य स्निग्धांशात विरघळतं, तेव्हा सायीच्या ठंडाईतून ते मांजराच्या पोटात सहज जातं. मग मांजर झोकांड्या खातं, बाहुल्या विस्फारतात, लाळ गळते, अंथरुणातच लघवी होते. बहुतेक मांजरं उपचारांनी सावरतात, मात्र डॉक्टरांना नेमकं काय पोटात गेलं ते कळलं पाहिजे. शरमेने भांगेचं नाव दडवू नका. कांद्याचंही तसंच. मांजराने कांद्याची ग्रेव्ही किंवा मसाल्याची पुडी फस्त केली असेल तर हिरड्या फिक्या पडायची वाट न पाहता त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या. वजन, अंदाजे प्रमाण आणि वेळ सांगा, आणि पुडी रिकामी असली तरी सोबत न्या. मिठाचं पाणी पाजून उलटी काढायचा घरगुती उपाय मांजरावर करू नका, त्या मिठानेच विषबाधा होते.